सगळेच तलवारवाले, मग सुरतेचा हिशेब कोण लिहिणार?

पाच तलवारवाले एकत्र आले की टोळी होत नाही, गर्दी होते. हे वाक्य मी मुद्दामच आधी लिहून टाकलं आहे. आपल्याकडे शौर्य म्हटलं की तलवार आणि तलवार म्हटलं की इतिहास, असं एक सोपं समीकरण झालेलं आहे. त्याची लागण आता मुलांच्या खेळापर्यंत पोचली आहे. माझी तक्रार खेळाबद्दल मुळीच नाही. खेळ उत्तम आहे. तक्रार आहे ती तो खेळणाऱ्यांबद्दल, आणि त्याहून जास्त, त्यांना असं खेळायला शिकवणाऱ्या आपणा मोठ्यांबद्दल.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी अमेरिकेत १९७४ साली आणला. सामान म्हणजे कागद, पेन्सिल आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे, त्यातला एक वीस बाजूंचा. एकजण सूत्रधार होतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो गोष्ट सांगत जातो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. आपलं पात्र काय करणार ते खेळाडूने सांगायचं, ते जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. या पात्रांच्या जथ्याला म्हणतात पार्टी. (आपल्या गोव्यात पार्टीचे दोनच अर्थ, एक निवडणुकीआधीची आणि दुसरी निकालानंतरची. हा तिसरा.)

खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपला क्लास निवडायचा असतो. क्लास म्हणजे त्या पात्राचं कसब, त्याचा पेशा. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पार्ट. पहिल्या नियमांत तीनच क्लास होते. एक लढवय्या, एक जादूगार आणि एक क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा देवाचा माणूस. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, चोर आला. (त्याचं आताचं इंग्रजी नाव 'रोग'. मराठी कानाला ते भलतंच वाटतं, म्हणून मी चोरच म्हणतो.) २०१४ च्या नियमपुस्तकात क्लास बारा झाले, पण पाया या चौकडीचाच राहिला. लढवय्या मार देतो आणि मार खातो, पण बंद कुलपापुढे तो निव्वळ एक जड माणूस असतो. चोर कुलूप उघडतो, गुपचूप आत जाऊन येतो, पण दोन घाव बसले की आडवा. जादूगार दुरून रान पेटवतो, पण त्याची शक्ती मोजकी. आणि क्लेरिक नसेल तर पहिल्या चकमकीत जखमी झालेला माणूस दुसऱ्या चकमकीला उभाच राहत नाही. एकट्याला सगळं येत नाही, ही या खेळाची गोम. म्हणूनच 'बॅलन्स्ड पार्टी', संतुलित जथा.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

माझी बहीण सुरतेला असते. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत मराठी माणसांची, विशेषतः खानदेशातून आलेल्यांची, मोठी वस्ती आहे. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेलो असताना भाचा आणि त्याचे कॉलेजातले मित्र हाच खेळ मांडून बसले होते. कल्पना त्यांची स्वतःची आणि फर्मास. राक्षस, ड्रॅगन बाजूला ठेवून गोष्ट घेतली होती जानेवारी १६६४ ची, शिवाजी महाराजांच्या सुरत मोहिमेची. बसलेत सुरतेत आणि लुटतायत सुरत! खेळाडू पाच. चौघे मराठी आणि पाचवा अस्सल सुरती, आपल्याच शहरावर चालून जायला आनंदाने तयार. मी खूश झालो आणि विचारलं, कुणी काय घेतलंय? पाचही जणांनी लढवय्या घेतला होता. कुणाकडे भाला, कुणाकडे दांडपट्टा, एवढाच काय तो फरक. म्हटलं, "अरे, मग बहिर्जी कोण?" भाचा म्हणाला, "मामा, बहिर्जी घेऊन करायचं काय? त्याला लढाईच नाही!"

दीड तासात पाचही वीर तापीकाठच्या किल्ल्याच्या दारात धारातीर्थी पडले. सूत्रधार हुशार मुलगा होता. त्याने कपाळाला हात लावून एवढंच विचारलं, "पण किल्ल्यावर जायला सांगितलं कोणी तुम्हाला?"

हाच तो प्रश्न. किल्ल्यावर जायचं नाही, हे कळण्यासाठी जथ्यात असा एक माणूस लागतो जो तलवार उपसण्याआधी शहर पाहून आलेला असतो. खऱ्या सुरतेत तो होता. सभासदाच्या बखरीत जासूदांचा नाईक बहिर्जी जाधव येतो आणि सुरतेत अपार संपत्ती असल्याची खबर तोच आणतो. म्हणजे मोहिमेचं पहिलं पान लिहिलं ते हेराने. त्यानंतरची गोष्ट क्लासवार लावून बघा.

मराठे सुरतेच्या दक्षिणेला गणदेवीपर्यंत आले तेव्हा ही बादशाही फौज आहे, एक मोगल सरदार पुढे चालला आहे, अशी बतावणी करण्यात आली होती. हे काम कोणत्या क्लासचं? चोराचं आणि बहुरूप्याचं. शहराबाहेर पोचण्याआधी दोन माणसं पत्र घेऊन पुढे गेली. सुभेदार इनायतखान आणि हाजी सैद बेग, हाजी कासिम, वीरजी व्होरा या बड्या व्यापाऱ्यांनी येऊन खंडणी ठरवावी, नाहीतर शहर लुटलं जाईल, असा निरोप होता. हे काम वकिलाचं, बोलणाऱ्याचं. या खेळात त्याच्यासाठी बार्ड नावाचा क्लास आहे. आपली पोरं त्याला गाणारा म्हणून हसतात, पण जिभेची ताकद असते ती त्याच्याकडेच. उत्तर आलं नाही तेव्हा घोडेस्वार शहरात शिरले. तलवारवाल्यांचा नंबर इथे लागला, तिसरा.

आणि शिरल्यावर? कोणतं घर फोडायचं आणि कोणतं नाही, हे ठरलेलं होतं. वीरजी व्होराची हवेली लुटली गेली. पण फ्रेंच प्रवासी बर्नियर लिहितो की कापुचिन पाद्री आम्ब्रोझ यांच्या मठाला हात लावला नाही, आणि डच वखारीच्या एका दिवंगत हिंदू दलालाचं घरही सोडलं, कारण तो दानशूर होता अशी माहिती होती. आता सांगा, मेलेला दलाल हयातीत दानधर्म करीत होता हे घोड्यावर बसून तलवार फिरवताना कळतं काय? त्यासाठी महिनोन्‌महिने बाजारात बसून कान उघडे ठेवणारा माणूस लागतो. किल्ल्याचं म्हणाल तर इनायतखान त्यात दडून बसला होता. वरच्या तोफांनी मराठ्यांपेक्षा शहराचंच अधिक नुकसान केलं. मराठ्यांनी त्या किल्ल्यावर डोकं फोडून घेतलं नाही.

नेलं काय, तेही पाहा. सोनं, नाणं, मोती, हिरे. म्हणजे वजनाला हलकं, मोलाला भारी. या खेळातही ओझ्याचा नियम असतो. पात्राने किती वजन उचलायचं याला मर्यादा असते आणि पोरं तो नियम कंटाळवाणा म्हणून पहिल्यांदा वगळतात! पण सुरतेची मोहीम जिंकली ती या कंटाळवाण्या नियमावर. बुधवारी आलेले मराठे रविवारी निघूनसुद्धा गेले. मोगल कुमक आली तेव्हा पाठलाग करायला कुणी उरलंच नव्हतं. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटली तेव्हा परतीच्या वाटेवर दाऊदखान आडवा आला आणि वणी-दिंडोरीला लढाई झाली. तिथेही लूट वाहणारे पुढे काढून दिले आणि लढणाऱ्यांनी मागे राहून लढाई दिली. ओझं वाहणाऱ्यांची नावं कुठल्या पोवाड्यात आहेत?

आता माझ्या जातभाईंकडे येतो. म्हणजे कारकुनांकडे. मी स्वतः सरकारी कचेरीत फायली चाळून पोट भरणारा माणूस, त्यामुळे इथे थोडा पक्षपात होईल, तो गोड मानून घ्यावा. सभासद सांगतो की मुलूखगिरीला निघताना प्रत्येक शिपायाजवळच्या चीजवस्तूंची यादी व्हायची, परत आल्यावर झडती व्हायची आणि जास्तीचं निघेल ते सरकारजमा. विचार करा, चार हजारांच्या आसपास घोडेस्वार, सोबत एक कोट रुपयांच्या घरातली लूट (इतिहासकारांचा अंदाज साधारण तेवढा आहे), आणि यादी नाही! ती लूट राजगडापर्यंत पोचली असती की वाटेवरच्या पन्नास गावांत विरली असती? स्वराज्याच्या खजिन्यात जे पडलं ते तलवारीने मिळवलं हे खरं, पण खजिन्यात पोचवलं ते बोरूने.

गंमत म्हणजे हा खेळ जन्माला आला तेव्हा त्यालाही हे कळत होतं. सुरुवातीच्या नियमांत पात्राला अनुभवाचे गुण मिळत ते मुख्यतः सुखरूप आणलेल्या धनाचे. एक सोन्याचं नाणं म्हणजे एक गुण. राक्षस मारल्याचे गुण त्यामानाने किरकोळ. म्हणजे मूळ खेळ सुरतेसारखाच होता. लढाई टाळता आली तर टाळा, पण माल घरी आणा. पुढे पुढे मारण्यालाच गुण मिळू लागले आणि सगळ्यांना तलवारी हव्याशा झाल्या. अर्थात गुण आजही पूर्ण जथ्यात सारखे वाटले जातात, शेवटचा घाव कुणाचा होता हे विचारलं जात नाही. हा नियम आमच्या पोरांनी भिंतीवर लिहून ठेवावा.

आता दुसरी बाजू बघू, कारण सुरतेत संतुलित जथा एकच नव्हता. इंग्रजांच्या वखारीत सर जॉर्ज ऑक्झेंडन होता, दीडएकशे गोरे आणि साठेक शिपाई घेऊन. हे गोरे कोण? सुवाळीच्या जहाजांवरून बोलावलेले खलाशी, आणि बाकीचे व्यापारी, दुय्यम व्यापारी आणि 'रायटर'. ईस्ट इंडिया कंपनीत रायटर म्हणजे खालच्या पायरीवरचा कारकून. या कारकुनांनी बंदुका धरून वखारीचं दार राखलं आणि वखार वाचली. उलट सुभेदार इनायतखान. जदुनाथ सरकार लिहितात की शिपायांच्या नावाने आलेला पैसा तो स्वतःच गिळत असे. कागदावर फौज, प्रत्यक्षात नाही. म्हणजे त्याच्या जथ्यात एकच क्लास होता, तो कोणता ते सरकारी नोकरीतल्या वाचकांना सांगायला नको!

आणि सगळेच तलवारवाले असले की काय होतं, त्याची काळी बाजूही सुरतेतच दिसली. गुरुवारी इनायतखानाने तहाच्या मिषाने एक तरुण पाठवला. त्याने खंजीर काढून महाराजांवर झेप घेतली. अंगरक्षकाने त्याचा हात उडवला, पण तो वेगात महाराजांवर कोसळला आणि दोघेही खाली पडले. महाराज गेले, अशी ओरड झाली आणि छावणीत कैद्यांची कत्तल सुरू झाली. महाराजांनी उठून ती थांबवली. त्यानंतरही शिक्षा झाल्याच, इंग्रजांच्या कागदांत चार मुंडकी आणि चोवीस हात अशी नोंद आहे. हे वाचायला गोड नाही, आणि गोड करून सांगूही नये. पण एवढं नक्की, की क्षणभर 'थांबा' म्हणणारा दिसेनासा झाला आणि नुसत्या तलवारी उरल्या. पुढचं काम तलवारींनी आपोआप केलं.

आपल्या गोव्याचंही एक उदाहरण आहे. १६६८ मध्ये महाराजांची चारपाचशे माणसं वेष पालटून थोडीथोडी करून पोर्तुगीज मुलखात शिरली होती. संख्या दुप्पट झाली की एका रात्री वेस ताब्यात घ्यायची, असा बेत होता, असं सरकारांच्या शिवचरित्रात येतं. व्हाइसरॉयला सुगावा लागला, माणसं पकडली गेली, बेत फसला. सुरतेत आपला हेर सरस ठरला, गोव्यात त्यांचा. तलवारी दोन्हीकडे तेवढ्याच धारदार होत्या. त्याच वर्षी नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ पुन्हा उभं करण्याचं काम मात्र तडीस गेलं. तिथे शिल्पी, पाथरवट आणि शिलालेख कोरणारा लागला.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की खेळ मजेसाठी असतो, ज्याला जे आवडेल ते घ्यावं. मान्य. पण पाच जणांना एकच आवडतं तेव्हा ती खरोखर आवड असते की सवय? लहानपणापासून आपण त्यांना काय दाखवलं? गावच्या उत्सवी नाटकात राजापार्टासाठी भांडणं होतात, हुजऱ्यासाठी कुणी पुढे येत नाही, आणि पडदा ओढणारा तर शेवटच्या दिवशी शोधावा लागतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात आठ शिवाजी आणि तेरा मावळे, बहिर्जी शून्य. आवड अशीच घडते.

दुसरा आक्षेप, सूत्रधाराने सांभाळून घ्यावं. चोर नसेल तर कुलुपं ठेवू नयेत, क्लेरिक नसेल तर औषधाच्या कुप्या वाटेत पेराव्यात. करता येतं, पुष्कळजण करतातही. पण मग जिंकलं कोण? तुमच्या उणिवा पाहून जग मऊ केलं गेलं, आणि तुम्ही त्याला विजय म्हणताय. इनायतखान काही किल्ल्याचं दार उघडून देणार नव्हता.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. संतुलनाच्या नावाखाली नको ती कामं दुबळ्याच्या गळ्यात पडतात. हे खरं आहे. या खेळाच्या टेबलावर शेवटी येणारा, वयाने लहान, किंवा नवखा असतो त्यालाच क्लेरिक चिकटवला जातो. 'तू आम्हाला बरं करत बस.' आपल्या समाजाने हेच पिढ्यान्‌पिढ्या केलं. महाराजांच्या गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे एका प्रतीचे अधिकारी असत आणि कोठारावर कारखानीस. एकाच्या हाती सगळी सत्ता राहू नये, अशी सुंदर योजना. संतुलित जथ्याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. पण त्यातही हवालदार-सरनोबत मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू असा जातवार रिवाज होता, आणि रामोशी-महार-बेरडांनी गडाखाली पहारा करायचा. काम वाटलं, पण जन्म बघून वाटलं. त्या काळाचं ते त्या काळापाशी. आज आपल्या हातात निवड आहे.

आणि इथे हा परदेशी खेळ आपल्यापुढे गेला आहे, हे कबूल करायला लाज कसली? २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात पात्राच्या गुणांची वाढ त्याच्या कुळावरून ठरत नाही. ते आधी काय काम करत होतं, त्यावरून ठरते. त्या कामांच्या यादीत शिपाई आहे तसा वाटाड्या आहे, व्यापारी आहे, खलाशी आहे, आणि 'स्क्राइब', म्हणजे लेखनिकही आहे. पन्नास वर्षं लागली, पण कारकुनाला जागा मिळाली! त्याआधी २००८ च्या आवृत्तीत जखमा बऱ्या करणाऱ्या, इतरांना उभं करणाऱ्या भूमिकेचं अधिकृत नावच 'लीडर' असं ठेवलं होतं. पुढारी तो, जो इतरांना उभं ठेवतो. हे आपल्या पुढाऱ्यांना कुणीतरी वाचून दाखवा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. क्लास निवडताना सगळ्यात अनुभवी खेळाडूने शेवटी निवडावं, आणि जे कुणी घेतलेलं नाही ते घ्यावं. क्लेरिक उरला तर क्लेरिक, चोर उरला तर चोर. नवख्याला हवी ती तलवार घेऊ द्या, त्याचं वय आहे. हा नियम खेळापुरता ठेवू नका. देवस्थान समितीत, नाट्यमंडळात, गावच्या वाचनालयातही लावून पाहा. अध्यक्षपदाला चार उमेदवार आणि खजिनदारीला एकही नाही, ही स्थिती बदलायची तर ज्येष्ठाने वही हातात घ्यायला हवी.

आपल्या पेडण्या-सावंतवाडीकडच्या दशावतारी कलाकारांना हे कधीच कुणी शिकवावं लागलं नाही. 'रात्रीचा राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असं त्यांच्याबद्दल म्हणतात. रात्रभर मुकुट घालून राज्य करणारा माणूस उजाडल्यावर पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरायचा. त्याला राजापार्ट शोभायचा.

भाच्याला मी निघताना एवढंच सांगितलं, की पुढच्या खेपेला सुरतेवर जाल तेव्हा पाचातल्या एकाने वही घ्या. तो म्हणाला, "मामा, वहीला डॅमेज किती?" याचं उत्तर वीरजी व्होराला विचारायला हवं होतं.